दशरथ नानांचं उन्हाचं आवर्तन

दशरथ नाना सोलरचं पॅनल माठासारखं वाजवून बघतात. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून काचेवर तीनदा टकटक, मग काचेला कान लावून थोडा वेळ गप्प, आणि मग मान एका बाजूला झुकवून नुसतं 'हं'. या 'हं'चा अर्थ पॅनल बरं आहे की वाईट, ते मला दोन वर्षांत कळलेलं नाही. विकायला येणाऱ्यांनाही कळत नसे. एकानं धीर करून सांगितलं होतं की काका, यात आतून वाजण्यासारखं काही नसतं. त्याच्याकडं शांतपणे बघत नाना म्हणाले, "तुमच्यासाठी नसंल."

नाना आमचे शेजारी. राहुरीत पाटाच्या अलीकडं आमची कॉलनी आहे. त्यांच्या आणि आमच्या घरात एक सामाईक भिंत आहे आणि मधली दोन वर्षं त्या भिंतीवर एक सामाईक विषय होता. भिंत निदान उभ्या जागी स्वस्थ राहायची. विषय रोज सकाळी मी दात घासत असताना पलीकडून डोकं वर काढायचा.

नोकरीत नाना पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या वावरात कधी आणि किती वेळ जाणार हे बघणारा, आणि त्यापायी वरच्यांच्याही शिव्या खाणारा आणि खालच्यांच्याही. मुळेच्या कालव्यावर सायकल दामटत त्यांनी सगळा जन्म काढला. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली, पण डोकं अजून पाटावरच आहे. सूर्य उगवला की ते कालव्याला पाणी सोडल्यासारखं म्हणतात, "आवर्तन सुटलं." गच्चीचा जो कोपरा दुपारनंतर सावलीत जातो त्याला 'टेल' म्हणतात. कालव्याच्या शेवटी ज्यांची शेतं असतात त्यांना पाणी नेहमी उशिरा आणि कमी पोचतं, तो टेल. नानांची सारी नोकरी टेलवाल्यांची बाजू घेण्यात गेली. आता गच्चीच्या त्या कोपऱ्याची बाजू घ्यायची वेळ आली होती.

सुरुवात अगदी साधी झाली. एका उन्हाळ्यात ते गच्चीवर उभे राहून बराच वेळ नुसते उन्हाकडं बघत होते. मी काय झालं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "सर, ह्ये रोज येतंय आन रोज वाया जातंय. पानी आसतं तं येवढ्यावर खून पडलं असतं." मी हो म्हणालो. तिथंच चुकलो.

मी शाळेत मराठी शिकवतो. विजेचा आणि माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण नानांच्या लेखी सर म्हणजे सर. एकदा शिकवायला लागला की माणसाला सगळंच येतं. त्यामुळे किलोवॅट म्हणजे काय, इन्व्हर्टर कशाला लागतो, पॅनलचं तोंड दक्षिणेला का, हे सगळं मी अगोदर समजून घेऊन नंतर त्यांना समजावून सांगायचं असं परस्पर ठरलं. मी रात्रीचं जेवण झालं की मोबाईलवर वाचायचो आणि सकाळी भिंतीपाशी परीक्षा द्यायचो. बहुतेक वेळा नापास व्हायचो.

पहिलं वर्ष सावली मोजण्यात गेलं. म्हणजे अक्षरशः वर्ष. आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली दुपारी नानांच्या गच्चीवर पडते हा शोध त्यांना लागला. मग दर रविवारी दर तासाला ते चुन्यानं त्या सावलीची कड आखू लागले. पाण्याच्या पाळ्या लिहायच्या जुन्या पाळीपत्रकाच्या कोऱ्या पानांवर त्याच्या नोंदी. दिवाळीपर्यंत त्यांच्या गच्चीवर इतक्या रेघा झाल्या की वरून बघणाऱ्याला तिथं कबड्डीचं मैदान आहे असं वाटावं. मी म्हणालो, नाना, आता पुरे, कळलं की. तर म्हणाले, थंडीतलं ऊन बघितल्याबिगर घ्यायचं न्हाई. थंडीतलं बघून झालं. मग म्हणाले, आता वाढत्या उन्हाची बाजू बघू. शेवटी त्यांनी मला पाळीपत्रक दाखवून अतिशय सभ्यपणे सांगितलं की आमची टाकी साडेचार फूट पश्चिमेला सरकली तर बरं होईल.

आमची ही म्हणाली, घरच सरकवा ना त्यापेक्षा. पण टाकी सरकली. प्लंबर आला, पाइप बदलले, दोन दिवस आम्ही नानांच्याच नळावरून पाणी भरलं. पारूकाकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, त्या दोन दिवसांत आम्हाला जेवायलाही घातलं. काकूंचे गुडघे गेलेले आहेत. ओट्यावरच्या खुर्चीत बसून त्या भाजी निवडतात, येणाऱ्याजाणाऱ्याला चहा विचारतात आणि नवऱ्याच्या उन्हाबद्दल कुणी काही बोललं तर नुसत्या हसतात. जेवताना त्या मला हळूच म्हणाल्या की सर, तुमचे लई हाल चाललेत. मी नाही म्हणालो नाही.

दुसऱ्या वर्षी दुसऱ्यांच्या गच्च्या बघायच्या निघाल्या. माझी स्कूटर, मागं नाना, नानांच्या मांडीवर डब्याची पिशवी. पुणतांब्याला एका बागायतदाराच्या घरावर पॅनलं होती. तिथं त्यांच्या सूनबाईंनी पॅनलांवर कुरडया वाळत घातल्या होत्या. नानांनी पॅनलाच्या आधी कुरडईच वाजवून बघितली. घरमालक सांगत होता की सोलर एकदम चांगलं आहे, पण युनिटं काही म्हणावी तशी पडत नाहीत. नाना कुरडयांकडं बघत राहिले. परत येताना मात्र कोल्हारपर्यंत एकटेच हसत होते. मागं बसलेला माणूस हसला की स्कूटर हलते, हे मला त्या दिवशी कळलं.

पारनेरला तर कहर झाला. तिथं ओळखीच्या ओळखीतून एकाचा पत्ता मिळवला होता. आम्ही पोचलो तेव्हा घरात फक्त म्हातारी आजी होती. तिला वाटलं कंपनीची माणसं आली. तिनं जिना दाखवला आणि चहा टाकला. वर पॅनलांवर बोटभर धूळ. नानांना ती बघवेना. त्यांनी बादली मागून घेतली, धोतराचा जुना तुकडा मागून घेतला आणि तिथल्या सहा पॅनलांपैकी तीन धुतली. तीनच का, तर धुतलेल्याचा आणि न धुतलेल्याचा फरक बघायचा होता. बादल्या जिन्यानं वर नेल्या मी. घरमालक आला तेव्हा दोन अनोळखी इसम त्याच्या गच्चीवर उकिडवे बसून पॅनलाला कान लावत होते. त्यानं विचारलं, कोण तुम्ही? मी काहीतरी खुलासा करायला लागलो, तेवढ्यात नाना त्याला म्हणाले की उरलेली तीन तुमी धुवा. त्या माणसानं मुकाट्यानं बादली हातात घेतली. नानांच्या आवाजात अजून तो पाटावरचा हुकूम आहे. रविवार संपला. सोमवारी मी वर्गात उभ्या उभ्या डुलकी घेतली.

विकायला येणाऱ्यांचा तर वेगळाच अध्याय. एकजण नगरहून आला. त्यानं दोन्ही बाजूंनी ऊन घेणाऱ्या पॅनलची माहिती सांगितली. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही तोंडांनी खाणारं काही आपल्याला नको म्हणून सांगितलं. असले दोन ओव्हरसिअर आपण नोकरीत बघितलेत म्हणाले. दुसऱ्यानं पंचवीस वर्षांची गॅरंटी दिली. नानांनी त्याला विचारलं की पंचवीस वर्षांनी तुमी कुटं असाल? तो म्हणाला, कंपनी असेल ना काका. नाना म्हणाले, "आन मी?" तो चहा संपवून गेला.

पण या सगळ्यांना नानांचा एक प्रश्न ठरलेला होता: लाईट गेल्यावर काय? साधं सोलर बसवलं तर बाहेरची लाईट गेली की तेही बंद पडतं, हे मी त्यांना वाचून सांगितलं होतं. ते त्यांच्या काही केल्या पचनी पडेना. भर दुपार, डोक्यावर आवर्तन सुटलेलं, आणि घरात पंखा बंद. पाटाला पाणी आणि वावर कोरडं, असा अन्याय त्यांनी उभ्या जन्मात होऊ दिला नव्हता. एकजण म्हणाला, हल्ली लाईट जातेच कुठं? नानांनी त्याला कोनाड्यातली अर्धी जळालेली मेणबत्ती दाखवली. दुसरा म्हणाला, मग बॅटरी घ्या. यावर नाना दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी भिंतीपाशी येऊन म्हणाले की बॅटरी म्हणजे शेततळं झालं; शेततळ्यात अंथरलेला कागद फाटतो. बॅटरी रद्द झाली.

मी थकलो होतो. खरं सांगायचं तर मी एव्हाना नानांना चुकवायला लागलो होतो. दात मोरीत घासायला लागलो. रविवारी सासुरवाडीला जायला लागलो, यावरून काय ते समजा.

अशात संगमनेरहून एक बाई आल्या. वैशाली मॅडम. तिशीच्या असतील, स्वतःचं छोटं दुकान, स्वतः गच्चीवर चढून माप घेणाऱ्या. नानांनी पॅनल वाजवलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. नानांनी तीन प्रश्न विचारले. त्यातल्या एकाला त्या म्हणाल्या, मला माहीत नाही, विचारून सांगते. आणि दुसऱ्या दिवशी खरोखर फोन करून त्यांनी सांगितलं. नाना माझ्याकडं येऊन म्हणाले की दोन वर्षांत हे पहिलं माणूस भेटलं ज्याला काहीतरी माहीत नाही.

मग मॅडम पुन्हा आल्या तेव्हा तो ठरलेला प्रश्न निघाला. मी ओट्यावर काकूंच्या शेजारी बसून होतो, पुढं काय होणार ते माहीत असलेल्या माणसासारखा. मॅडम म्हणाल्या, "काका, लाईट जाते तेव्हा कुठंतरी वायरमन खांबावर चढलेला असतो. त्याला वाटतं लाईन बंद आहे. आणि तुमच्या गच्चीवरून वीज उलटी तिकडं गेली, तर तो माणूस जागेवर जाईल. म्हणून हे आपोआप बंद होतं."

नाना ओट्याच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "येकदा पाटाच्या चारीत मान्सं गवत काढीत हुती. वरच्यानं न सांगता गेट उचललं." पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. काकू भाजी निवडायच्या थांबल्या होत्या.

"मंग बंदच पडाया पायजे," नाना म्हणाले. "बसवा."

दोन वर्षांचा प्रश्न असा एका वाक्यात मिटला. हेच कारण मी आधी वाचलं असतं तर माझे किती रविवार वाचले असते, हा हिशोब मी अजून करत नाही.

पॅनलं बसली. सहा. प्रत्येक चढवण्याआधी वाजवून झालं. सरकारी मीटर आलं. नवीन मीटर उलटंही मोजतं, म्हणजे आपण वापरून उरलेली वीज बाहेरच्या लाईनला जाते, हे कळल्यावर नानांनी विचारलं की ती पुढं कुणाच्या टेलला पोचते. मॅडम म्हणाल्या, सगळ्यात जवळ जिथं लागेल तिथं, म्हणजे बहुतेक या सरांकडंच. झालं. त्या दिवसापासून दुपारी मी घरी असलो की भिंतीपलीकडून विचारणा व्हायची: सर, आमचं ऊन पोचलं का? मी पोचलं म्हणायचो. एकदा झोपेत होतो म्हणून उत्तर दिलं नाही, तर उन्हाची पाळी चुकली की काय म्हणून बघायला घरी आले.

मला वाटलं, चला, प्रकरण मिटलं. आणि काही महिने खरंच शांततेत गेले.

मार्चात आमची सकाळची शाळा सुरू झाली. एका बुधवारी बाराच्या सुमारास घरी आलो. हिनं गच्चीवर गहू वाळत घातला होता तो हलवून यायला सांगितलं म्हणून वर गेलो. आभाळ स्वच्छ, ऊन मी म्हणत होतं. पलीकडच्या गच्चीवर नाना होते, आणि ते पॅनलांवर गोधडी पसरत होते.

मला आधी काही समजेनाच. या माणसानं सावलीच्या एका बोटासाठी माझी टाकी हलवली होती. पारनेरात परक्याच्या घरी धूळ पुसली होती. आणि तोच आता भर दुपारी चांगल्या चालत्या पॅनलांवर जाडजूड गोधडी घालत होता. वारा होता. एक टोक बसवावं तर दुसरं उडत होतं.

मी कठडा ओलांडून त्यांच्या गच्चीवर गेलो. नानांनी मला बघितलं आणि चोरी पकडल्यासारखा चेहरा केला. म्हणाले, लई तापल्यात, जरा सावली करावी म्हनलं. मी म्हणालो, नाना, निदान मला तरी हे सांगू नका.

ते खाली बसले. हळू बोला, म्हणाले, खाली ऐकू जातं. मग सांगितलं.

त्यांचा मुलगा संतोष बंगळुरूला असतो. मोठ्या कंपनीत आहे, स्वभावानं चांगला आहे, आईबापांना घेऊन जायचं म्हणून दोनदा येऊन गेला. नाना-काकू तिकडं आठ दिवस राहून परत आले. भांडण काही नाही. फक्त फोन येत नाही. दिवाळीला येतो, पाडव्याला येतो. आपण केला तर नंतर करतो म्हणतो आणि ते नंतर राहून जातं. इन्व्हर्टरला एक डबी लावलेली असते, ती रोज किती वीज झाली ते मोबाईलवर दाखवते. नानांच्या साध्या मोबाईलवर ते चालेना म्हणून मॅडमनी ते संतोषच्या मोबाईलवर जोडून दिलं होतं. तर माघात एकदा काकूंची गोधडी दोरीवरून उडून पॅनलांवर जाऊन पडली. पंधरा मिनिटांत संतोषचा फोन. नाना, दुपारची युनिटं एकदम कशी कमी झाली, काही बिघाड आहे का, वायर बघा. ते बोलून झालं आणि मग सहज म्हणाला, आई काय करते? दे तिला. अर्धा तास बोलला.

"मी फोन केला तं मिटिंग असती," नाना म्हणाले. "ह्यो केला तं येतो." त्यांनी पॅनलाकडं बोट दाखवलं.

मी विचारलं, काकूंना माहीत आहे का?

"न्हाई. तिला वाटतं बुधवारी त्याला आठवन येती." मग म्हणाले, "बुधवारीच करतो. जास्त केलं तं त्यो मॅडमला सांगून मान्सं पाठवील दुरुस्तीला."

तेवढ्यात वाऱ्यानं गोधडी पुन्हा उचलली. नाना उठायला लागले, पण कंबर धरून पुन्हा बसले. त्या दोन वर्षांत मी त्यांना एकदाही दमलेलं बघितलं नव्हतं. मीच कायम दमलेला असायचो. आज त्यांचा चेहरा उन्हानं काळवंडला होता आणि मानेवरून घाम ओघळत होता. मी पलीकडून जाऊन दुसरं टोक धरलं आणि दोन पॅनलं नीट झाकली. दोन पुरतात, नाना म्हणाले.

आम्ही बसून राहिलो. फोन त्यांच्याजवळ नव्हता. तो त्यांनी मुद्दाम खाली काकूंच्या खुर्चीपाशी ठेवला होता, हे मला तो वाजल्यावर कळलं. दोनदा वाजला आणि काकूंनी उचलला. शब्द नीट ऐकू येत नव्हते, नुसता आवाज येत होता. आधी बारीक, मग मोकळा होत गेलेला. त्या हसल्या. ओट्यावर बसून नवऱ्याच्या उन्हाला हसतात तशा नाही, मोठ्यानं.

मग त्यांनी खालून हाक मारली, "अवो, त्यो म्हनतोय ऊन कमी आलंय का?"

नानांनी वर बघितलं. आभाळात नखाएवढा ढग नव्हता.

"सांग त्याला, आभाळ आलंय," ते म्हणाले. "जाईल आत्ता."

मी विचारलं की नाना, तुम्ही नाही जात बोलायला? ते म्हणाले, तिचं होऊ द्या आधी. आणि पाय लांब करून, डोळे मिटून, खालचा आवाज ऐकत बसले. गोधडीचं टोक माझ्या हातात होतं. वारा वाढला होता, म्हणून मी ते सोडलं नाही. खाली काकू आता लेकाला कालवणाचं सांगायला लागल्या होत्या.